मामांचा एक्झिक्युटर

मृत्युपत्रात आपलं नाव आहे म्हटल्यावर माणूस जरा सावरून बसतो. मामांनी लिहिलं होतं, 'अंमलबजावणी माझा भाचा करील, तो शिस्तीचा आहे.' पुढच्या ओळीत मला पितळी बंब. भारतीय वारसा कायदा १९२५ चा. त्यात अशी मेख आहे की, एक्झिक्युटरला काही ठेवलं असेल, तर काम अंगावर घेतल्याशिवाय ते पदरात पडत नाही. थोडक्यात, मामांनी बंब दाखवून मला जुंपलं. काम नाकारायची सोयही कायद्यात आहे म्हणा, पण ती मावशीपुढे चालत नाही.

फ्लॅट, एफडी, शेअर्स यांवरून फारसा आवाज चढला नाही. बँकेने 'प्रोबेट आणा', म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला आणा, म्हणून पाहिलं. मालमत्ता सगळी पुण्यातली, इथे ते सक्तीचं नव्हतंच; पण काउंटरपलीकडच्या माणसाला कायदा सांगणं म्हणजे रिक्षावाल्याला रस्ता सांगणं. दादा एफडीचा नॉमिनी, त्यामुळे ती आपलीच, असं तो न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर समजावत होता. नॉमिनी पैसे नुसते सांभाळतो, मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितलं, असं मी म्हणालो आणि त्याचं नेटवर्क गेलं.

वाटणीच्या आधी देणी. त्यांचाही क्रम ठरलेला: अंत्यसंस्कार आणि शेवटचं आजारपण, मग कोर्टखर्च, मग कामवाल्या बाईंचा शेवटच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, बाकीचे नंतर. पहिल्या गटात मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचं राहणं-जेवणही येतं. हे मावशीच्या कानावर गेलं.

"शेवटचा महिना तो माझ्याकडेच जेवत होता."

मी वही उघडली.

"पैसे नकोत रे. नुसतं लिही. आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाच."

खरी एक्झिक्युटरगिरी सुरू झाली ती माळ्यावर. 'भांडी दोघी मुलींनी समजुतीने वाटून घ्यावीत.' सेल्स टॅक्समध्ये हयात गेलेला माणूस, आणि असं वाक्य लिहून गेला! दोघींनाही एकच पितळी परात हवी होती. मोबाइलचा टॉर्च लावून मी तिच्या काठावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं लावू लागलो: 'चि. सौ. कां.', पुढे चिंचेने घासून घासून सपाट झालेलं नाव, मग 'हिस आत्याकडून सप्रेम भेट, १९७१'.

आत्या कुणाची?

"आईची," ताई म्हणाली. "म्हणजे परात आईच्या माहेरची. बाबांची नव्हतीच, तर ते मृत्युपत्रात देणार कशी?" शाळेत भूगोल शिकवते ती, पण मुद्दा बिनतोड होता.

"आईचीच ना? मग आईने ती मला द्यायची असं तोंडी सांगितलंय," धाकटी म्हणाली.

तोंडी मृत्युपत्र फक्त लढाईवरच्या सैनिकाचं वगैरे चालतं, मी सांगितलं.

"आईने तीस वर्षं आजीच्या हाताखाली स्वयंपाक केलाय. ती लढाईवरच होती."

यावर कलम सापडेना. मृत्यूनंतर वर्षभर वाटप करायला एक्झिक्युटर बांधील नसतो, अशी तरतूद मात्र सापडली. कायदा लिहिणाऱ्यांच्या घरीही परात असणार.

ते वर्ष मी पुरेपूर वापरलं. मधल्या काळात बंब आमच्या गॅलरीत आला. "यात पाणी कोण तापवणार?" एवढंच बायको म्हणाली आणि त्यात तिने मनीप्लांट लावला. ताईच्या मते बंब हेसुद्धा भांडंच, म्हणजे मीही वाटणीतला हिस्सेदार. तिला मी मृत्युपत्रातली ती ओळ फोटो काढून पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

शेवटी परात ताईकडे, घंगाळ आणि खलबत्ता धाकटीकडे असं ठरलं. शिस्तीचा माणूस म्हणून मी प्रत्येक वस्तूची पावती घेतली. ताईने सही केली आणि खाली लिहिलं, 'परात मिळाली. पोचा आधीचा की धाकटीकडचा, ते ठरायचं आहे.'