फाटकाला दोन कुलुपं

आज सकाळी उपासनेला गेले तर चर्चच्या फाटकाला दोन कुलुपं. एक जुन्या कमिटीचं, एक नव्या कमिटीचं. आत पाळकसाहेब, बाहेर रस्त्यावर मंडळी, आणि कडेला पोलिसांची जीप. एका हातात बायबल धरलेले आपले लोक दुसऱ्या हातानं एकमेकांचे व्हिडिओ काढत होते. पुरावा पाहिजे म्हणे. पांढरं पातळ नेसलेली एक म्हातारी मला विचारत होती, "बाई, आज प्रभुभोजन हाय ना? मग कुलूप कामून?" प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला आली होती ती. काय सांगणार तिला? समोरच्या हॉटेलातले लोक चहा पीत आपल्याकडे बघत होते. घरी आले, पण घास घशाखाली उतरला नाही.

चर्चचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यात कुठं कुठं हेच चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. मिशनची जमीन, भाड्यानं दिलेले गाळे, शाळेतल्या नोकऱ्या, पाळकांची बदली. मग धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट, मग दिवाणी कोर्ट, मग स्टे, मग तारखा. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात हेच तर विचारलं होतं, भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही बाहेरच्यांपुढे, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? आपल्या पुलपिटावरून हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

मला दिवसभर १९९३ आठवतंय. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि भूकंपानं किल्लारीकडची गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. मी तेव्हा शाळेत होते. बातमी कळली तशा आमच्या मिशन कंपाउंडात चुली पेटल्या. माझी आजी कट्टर मेथडिस्ट. शेजारच्या काकू पेंटेकॉस्टल मंडळीत गेलेल्या. त्यांनी पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता आणि आजीला तोंडावर सांगितलं होतं की तान्ह्या लेकराच्या डोक्यावर शिंपडलेलं पाणी काही बाप्तिस्मा नव्हे. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. त्या दिवशी कॅथलिक सिस्टर ज्वारीच्या पिठाची पोती घेऊन आल्या. परात एकच होती, आणि तिच्या दोन बाजूंना आजी आणि काकू. काकूंनी पीठ मळता मळता विषय काढलाच. आजी म्हणाली, "मुकाट्यानं भाकरी थाप बाई. बाप्तिस्म्याचं मागून बघू." रात्रभर भाकरी झाल्या. फडक्यात बांधून, वर ताडपत्री टाकून, पावसात ट्रक गेला.

त्या भाकरीला कुणी विचारलं नाही की तू कुठल्या चर्चची.

आता कुणी म्हणेल, संकटात सगळेच एक होतात, त्यात काय विशेष. बरं, मान्य. पण मग संकट सरल्यावर आपण परत एकमेकांच्या उरावर बसायचं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आणि वेगवेगळ्या शिकवणीचे लोक एका छताखाली राहूच शकत नाहीत, हे तर मला सांगूच नका. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च मिळून उत्तर भारत चर्च, आपलं सीएनआय, उभं राहिलं. बोलणी १९२९ पासून चालू होती. एवढी वर्षं माणसं बसली, भांडली, उठली, परत बसली. अँग्लिकन लेकरांना बाप्तिस्मा देणारे, बाप्टिस्ट मोठेपणी बुडवून देणारे. शेवटी दोन्ही पद्धती ठेवल्या आणि दोघांना एका मेजावर बसवलं. आमचे मेथडिस्ट अगदी शेवटी बाहेर राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणजे चार दशकं बोलणी करणारी माणसं आपल्यातच होऊन गेली, आणि आपल्याला चार तास एका खोलीत बसवत नाही.

हिशेब मागू नका असं मी म्हणत नाही. जमीन कुणी परस्पर विकली असेल तर विचारलंच पाहिजे. पण हिशेब मागायला उपासना बंद पाडावी लागते का? त्या म्हातारीचं प्रभुभोजन अडवावं लागतं का?

आता जे लिहिणार आहे ते पुष्कळांना झोंबेल. झोंबू दे. हे दोन गट नुसते कमिटीचे नाहीत. कोणाचे आजोबा महारवाड्यातून आले आणि कोणाचे मांगवाड्यातून, हे आजही मतदानाच्या यादीवर बोट ठेवून मोजलं जातं. सोयरीक जुळवताना मोजलं जातं. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला माणूस, १८४३ साली ख्रिस्ती झाला, आणि निजामाच्या राज्यात जमीन मिळवून गावकुसाबाहेरच्या विश्वासणाऱ्यांसाठी गाव उभं केलं. आणि आपण त्या गावकुसाचे दगड उचलून चर्चच्या आत आणून रचतोय! ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, असं मोठ्यानं वाचायचं आणि निवडणुकीचं पॅनल मात्र वाड्यावरून लावायचं. लाज वाटते मला.

थोडी थांबले. चहा केला. रागानं लिहिलेलं पुसत नाही, कारण ते खरं आहे. पण मघाशी पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र उघडलं आणि चौथ्या अध्यायाशी अडकले. युवदीया आणि सुंतुखे. दोन बायका. पौल तुरुंगात आहे, त्याला स्वतःची चिंता असायला हवी, आणि तो या दोघींची नावं घेऊन विनवतो की प्रभूमध्ये एकचित्त व्हा. भांडण कशावरून होतं ते सांगत नाही. कोण चुकली तेही सांगत नाही. आणि मंडळीतल्या एका सोबत्याला म्हणतो, या दोघींना मदत कर, सुवार्तेसाठी माझ्याबरोबर यांनी कष्ट केलेत. मला लगेच ती परात दिसली. आजी आणि काकूंचा वाद काही मिटला नाही हो शेवटपर्यंत. पण आजी अंथरुणाला खिळली तेव्हा काकू तेल घेऊन यायच्या, डोक्याला लावून मोठमोठ्यानं प्रार्थना करायच्या. आजीला तसली मोठ्या आवाजाची प्रार्थना कधी आवडली नाही, तरी ती डोळे मिटून आमेन म्हणायची. एवढं जमलं तरी मला पुरे आहे. सगळ्यांनी एकाच पद्धतीनं गावं, एकाच पद्धतीनं टाळ्या वाजवाव्यात, असं माझं मागणं नाही.

जानेवारीत १८ ते २५ ऐक्याचा प्रार्थना सप्ताह येतो. स्टेजवर सगळे पाळक, फादर, पास्टर हातात हात घालून फोटो काढतात. काढा. पण त्याआधी ती दोन कुलुपं काढा.

दोन्ही कमिट्यांतल्या भावांना सांगून झालंय, वडीलधाऱ्यांनी सांगून झालंय. म्हणून हे आता बायकांसाठी लिहितेय. मंगळवारी दुपारी तीनला महिला मंडळ माझ्या घरी, दोन्ही गटांचं. सगळ्यांना फोन करतेय. ज्या येणार नाहीत त्यांच्या दारात मी स्वतः येईन. आणि ज्यांच्या घरात किल्ल्या आहेत त्या बहिणींनी किल्ल्या सोबत आणाव्यात.