पानशेतचे कागद खोटे, मग सळई नव्हती हे कळलं कसं?

नमस्कार,

'सरकारी कागदांवरून पानशेतचा पूर लिहिणं म्हणजे चोरालाच साक्षीला उभं करणं. खरं काय ते आमच्या आजोबांना विचारा. दहा हजार माणसं गेली आणि सरकारने ती दडवली,' असं तुम्ही लिहिलंय. दोन ओळींत उरकण्यासारखा मुद्दा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

संशयाला जागा आहे, त्याबद्दल वादच नाही. 12 जुलै 1961 ला पुण्याच्या वरच्या अंगाचं पानशेत धरण फुटलं ते काही नुसत्या पावसाने नव्हे. मातीच्या धरणाच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी होती तिच्या काँक्रीटमध्ये सळईच नव्हती. तिच्यावरचा भराव खचला, तेवढ्या भागात धरणाचा माथा खाली बसला आणि मग पाणी वरून गेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, त्याने काही तास मिळाले इतकंच. पुढे चौकशीला नेमलेल्या न्यायमूर्ती बावडेकरांनी आत्महत्या केली आणि ते काम न्यायमूर्ती नाईकांकडे गेलं. एवढं घडल्यावर लोकांनी सरकारी शब्दावर का विसंबावं? पण सळई नव्हती हे तुम्हाआम्हाला कळलं कुठून? कागदांतूनच. लकडी पुलाशी पाणी बघायला जमलेल्या माणसाला ते दिसणं शक्य नव्हतं.

आकड्याचं म्हणाल तर हजाराच्या आसपास माणसं गेली असं साधारण सांगितलं जातं. तोही अंदाजच, आणि वाहून गेलेल्यांची मोजदाद धड होत नाही हे मला मान्य आहे. तरी दहा हजार मी लिहिणार नाही. पूर दिवसाढवळ्या आला. शनिवार, नारायण, कसबा या पेठांतली कितीतरी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी का होईना, बाहेर पडू शकली. रात्री आला असता तर गोष्ट वेगळी होती.

आता 'सरकारी कागद' या शब्दाकडे येतो. ओळखीच्या एका घरात मदतीसाठी केलेल्या अर्जाची नक्कल जपून ठेवलेली आहे. शाई फुटलेली, तरी वाचता येते: तांब्याचा बंब एक, पितळी पातेली तीन, शिलाई मशीन एक (हप्ते बाकी), गाद्या, मुलांची पुस्तकं. हे कोणा साहेबाने लिहिलेलं नाही. घर वाहून गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि कंसातले ते 'हप्ते बाकी' कुठल्याच अहवालात सापडायचं नाही. असे कागद फडताळात कुजू द्यायचे आणि वर इतिहास दडवला म्हणायचं, हे मला पटत नाही.

सावरण्याची कथाही अशीच कागदोपत्री दिसते. शहराला पाणी देणारं खडकवासला धरणही फुटल्यामुळे पूर ओसरल्यावर नळाला पाणी नाही, हा पहिला ताप. मग निसन हट, त्या अर्धगोल पत्र्याच्या खोल्या. पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहती. पूरग्रस्तांच्या सोसायट्यांच्या जमिनी कोणाच्या नावावर, हा घोळ तर कित्येक दशकं चालला. 'पुणं पुन्हा उभं राहिलं' हे वाक्य म्हणूनच मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतं.

आणि आजोबा मला हवेच आहेत, पण वेगळ्या कामासाठी. घर मिळवायचं तर तुम्ही तिथे राहत होता याचा काहीतरी पुरावा लागणार. वाड्यात पोटभाडेकरू असायचे, जिन्याखाली झोपणारे असायचे, वरकामाच्या बायका असायच्या. त्यांच्याकडे ना भाडेपावती, ना रेशनकार्ड. ही माणसं यादीत येणार कशी? तेव्हा आजोबांना मेलेल्यांचा आकडा विचारू नका, तो त्यांनीही ऐकलेलाच असणार. वाड्यात कोण कोण राहत होतं, पुरानंतर त्यांतलं कोण परत आलं आणि कोण पुन्हा कधीच दिसलं नाही, हे खोलीवार विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. पेठ आणि वाड्याचं नाव मात्र आठवणीने घाला.