उठा, बसा, पोलंड

११ नोव्हेंबर हा पोलंडचा स्वातंत्र्यदिन. सुट्टी, बोचरी थंडी आणि चहाच्या वेळेलाच अंधार. असा दिवस रजईत काढायचा. पण क्राकूफमधल्या आमच्या घरमालकीणबाईंना मी कधीतरी बोलून गेलो होतो की मी कोल्हापूरचा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. हे बाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हापासून मी घरचा झालो. (भाडं कमी झालं नाही, ते सोडा.) आणि घरच्या माणसाने बाईंच्या कॉयरचा देशभक्तिगीतांचा कार्यक्रम चुकवायचा नसतो.

कार्यक्रम चर्चमध्ये. गाण्याआधी निवेदन. निवेदकाची जात जगभर एकच. गाणं तीन मिनिटांचं, प्रस्तावना दहा. १७९५ला पोलंड नकाशावरून पुसला गेला, १९१८ला परत आला, मधली १२३ वर्षं त्या गृहस्थांनी एकही न गाळता सांगितली. मी बूटांतली बोटं हलवत जिवंत राहिलो.

खरी परीक्षा उठण्याबसण्याची. कुठल्या गाण्याला उभं राहायचं हे इथे जन्मतःच कळत असावं. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांवर मी नजर ठेवली. ‘बोझे त्सोश पोल्स्के’ : आजोबा उठले, मी उठलो. बसले, बसलो. ‘रोता’ : पुन्हा वर. ही कोनोप्नित्स्काबाईंची कविता, जर्मनांना ठणकावणारी. नोवोव्हियेस्कींच्या चालीत ती १९१०ला याच गावात पहिल्यांदा घुमली. अंगावर काटा येतो, थंडीचा धरून. मग घोडेस्वार खिडकीशी येऊन पोरीला हाका मारतात ते गाणं. आजोबा अर्धवट उठले. मीही तसाच अधांतरी. त्यांना फक्त खिशातला रुमाल काढायचा होता.

शेवटी राष्ट्रगीत. १७९७ला इटलीत लिहिलेलं, आणि चाल माझुर्काची, म्हणजे अस्सल नाचाची. देह सावधान, पाय मात्र ठेका धरायला आतुर. शेजारच्या काकूंनी गाण्याची पुस्तिका माझ्या नाकासमोर धरलेली. एकेका शब्दात व्यंजनांची अशी चेंगराचेंगरी की स्वराला उभं राहायला जागा नाही. मग शाळेतली विद्या कामी आली. प्रार्थनेला दहा वर्षं नुसते ओठ हलवले होते, ते फुकट गेले नाहीत. चारही कडवी मी आवाज न काढता, छाती भरून म्हटली.

बाहेर पडताना बाई कॉयरच्या संचालकांना घेऊनच आल्या. बाईंचे डोळे भरलेले. “व्यासपीठावरून दिसत होतं,” संचालक माझा हात सोडीनात, “तुम्हाला सगळं पाठ आहे!” पुरुष आवाजांची त्यांच्याकडे कायमची टंचाई. आता नाताळची गाणी बसवायची आहेत, ती फेब्रुवारीपर्यंत पुरतात म्हणे. तालीम दर मंगळवारी, याच चर्चमध्ये. बाईंनी माझं नाव आधीच देऊन टाकलं होतं.