भेंडीचा मुहूर्त

जानेवारी सरत आला की माझी सकाळ वाफ्यात बोट खुपसून सुरू होते. बांधावरून जाणारा हमखास विचारतो, "काय भो, काही हरवलं का?" हरवलेलं काही नसतं. उन्हाळी भेंडीला जमीन किती गार लागेल, ते बघणं चाललेलं असतं.

वर सातपुड्यात तोरणमाळला दव गोठलं की पेपरात फोटो येतो. खाली जळगाव-धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरला तरी माती गोठत नाही, त्यामुळे फोटोही नाही. बी मात्र बिनफोटोचंच मरतं. जमीन १७ अंशांच्या खाली असली की ते पाणी पिऊन टम्म फुगतं आणि तिथेच कुजतं. केळीला थंडीचा चरका बसू नये म्हणून लोक पहाटे उठून धूर करतात. भेंडीसाठी काडी ओढणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

'होळी जळाली, थंडी पळाली' म्हणून होळीपर्यंत थांबावं, तर पेरणीपासून फुलाला ४०-४५ दिवस. म्हणजे एप्रिल अखेर. तेव्हा पारा ४२ च्या वर आणि फुलं मातीत. झाड पाच फूट, भेंड्या मोजून पाच. फूल मार्चअखेर हवं असेल तर उलटी वजाबाकी करा: फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. खान्देशात थंडी आणि ऊन यांच्यामध्ये भेंडीला मिळते ती एवढीच फट.

बोटाचा अंदाज दगा देतो. साधा थर्मामीटर ५ सेंटीमीटर खोल, सकाळी आठला. दुपारी लावाल तर कोणतीही जमीन उबदारच सांगेल. सलग चार दिवस १८ च्या वर आकडा दिसला की बी कोमट पाण्यात १२ तास भिजवायचं, सावलीत सुकवायचं, किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळायचं. पाकिटातलं गुलाबी-निळं बी भिजवू नये. त्याला औषध आधीच लावलेलं असतं. ते उतरतं पाण्यात आणि आपण पस्तावण्यात.

वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, दीड फुटाच्या ओळीत, अर्ध्या फुटावर दोन-दोन बिया टोकायच्या. खोली दोन-अडीच सेंटीमीटर, बोटाचं पहिलं पेरही नाही. काळ्या जमिनीत वर मातीची पापडी धरते; बी याहून खाली गेलं तर कोंब आतल्या आत मान मोडून घेतो. पाणी दिवसा, थेट विहिरीचं. टाकीत रात्रभर निवलेलं पाणी म्हणजे बियांना पहाटेची अंघोळ. सगळं जमलं तर सहाव्या-सातव्या दिवशी दोन पानं दिसतात. दहाव्यालाही नाही दिसली तर उकरून बघा. बी बोटांत पिचकलं की समजायचं, घाई झाली.

पुढे ऊन तापलं की पांढरी माशी आणि ती पसरवते तो हळद्या रोग. पिवळ्या शिरांचं झाड दिसताच उपटायचं, जीव अडकवायचा नाही.

तोडणी एक दिवसाआड, पहाटे, हातमोजे घालून. नाहीतर दिवसभर खाजवत बसा. एक तोडा चुकला की भेंडी निबर. टोक मोडून बघायचं: टचकन तुटलं तर बाजार, नुसतंच वाकलं तर म्हैस.