बिल ऊसतोडकऱ्याच्या नावावर फाडा

सांगलीत विश्रामबागेला बंगला आहे, दारात डिझेलची मोठी गाडी आहे, वरच्या दोन्ही खोल्यांत एसी आहेत आणि तरी हवामानबदलावर चारचौघांत ठासून बोलायचंय? बिनधास्त बोला. थोडं गणित पाठ करा, बाकीचं तोंडपाटीलकीवर निभून जातं.

योइची काया नावाच्या जपानी तज्ज्ञांनी सोय करून ठेवली आहे. देशाचं कार्बन उत्सर्जन म्हणजे चार आकड्यांचा गुणाकार: डोकी किती, दरडोई उत्पन्न किती, रुपयाच्या उत्पन्नामागे ऊर्जा किती लागते आणि त्या ऊर्जेमागे कार्बन किती निघतो. म्हणजे लोकसंख्या, पैसा आणि शेवटच्या दोन्हींत मिळून तंत्रज्ञान. यातला जो आकडा आपल्या घरात सापडणार नाही, तोच धरायचा. तुम्हाला एकुलता एक मुलगा, तोही पुण्यात. झालं तर मग, लोकसंख्या!

‘लोकसंख्या हाच मूळ रोग’ हे गळीत हंगामात म्हणावं, कारण तेव्हा पुरावा रस्त्याकडेलाच असतो. बीडकडून ऊसतोडकऱ्यांच्या टोळ्या आलेल्या असतात, त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या पडलेल्या असतात, कोपीपुढे चार पोरं खेळत असतात. बोट तिकडे करा. त्या कोपीत फ्रिज नाही, गिझर नाही, हे बोलायची गरज नाही. 1990 पासून भारताची लोकसंख्या दुपटीच्या बरीच आत राहिली आणि कार्बन चौपटीच्याही पुढे गेला, हे तर अजिबात काढू नका. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 निघाला, असं एखादा वाचाळ पुतण्या बोललाच, तर ‘आपलं ठीक आहे रे, उत्तरेकडं बघ’ म्हणावं. आपल्या गावाकडच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, माणसं होती तेवढीच राहिली आणि एका फ्रिजचे तीन फ्रिज झाले, हेही घरातच ठेवा. भाऊबंदकीचा कार्बन जनगणनेत येत नाही, हे नशीबच.

एवढ्यात कुणी तुमच्या गाडीचा विषय काढला, तर तडक सरासरीत शिरा. अमेरिकेतला माणूस वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला जेमतेम 2 टन. इथे आवाज चढवा. मुद्दा खराच आहे, त्यामुळे चढवताना लाज वाटत नाही. फक्त हे 2 टन निघाले कसे, यात शिरू नका. तुमचा धूर आणि कोपीतला धूर एकत्र करून भागला, तेव्हा ते निघाले. मघाशी ज्याच्या पोरांनी पृथ्वी तापवली होती, तोच आता तुमचा आकडा खाली ओढतोय. एकाच माणसाला सकाळी आरोपी आणि संध्याकाळी जामीन करता येतो, तोही फुकटात. असा सौदा मार्केट यार्डात हळदीलाही मिळत नाही.

पैशाचा विषय निघालाच तर ‘आधी देश श्रीमंत होऊ दे, मग आपोआप स्वच्छ होईल’ म्हणा. नाल्याच्या आणि काजळीच्या बाबतीत असं काही ठिकाणी झालंही आहे, कारण नाल्याचा वास पैसेवाल्याच्या नाकालाही जातो. कार्बन डायऑक्साइडला वास नाही. तेव्हा घाई नाही.

तंत्रज्ञानावर मात्र मोकळ्या मनाने बोला. पाहुण्यांना साताऱ्याच्या चाळकेवाडीला नेऊन पवनचक्क्या दाखवा (घाट आहे, मोठीच गाडी न्या). वर कोयनेचे 1960 मेगावॅट ऐकवा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की तुमचा एसी थेट पठारावरच्या वाऱ्यावर चालतो. देशात तयार होणाऱ्या विजेतला तीन-चतुर्थांशाच्या आसपास वाटा कोळशाचा आहे, पण तारेतून काजळी येत नाही. मग छपरावर सोलर बसवा, आणि बिल शून्यावर आलं की तिसरा एसी घ्या. इंजिन सुधारलं की कोळसा कमी नव्हे, जास्तच जळतो, हे जेव्हन्स नावाचा इंग्रज अर्थतज्ज्ञ 1865 मध्येच सांगून गेला. त्याने आपल्याकडची ठिबक पाहिली नव्हती. अनुदानावर ठिबक बसवायची, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावायचा. जुन्या रानात पंपाला ऑटो आहेच. रात्री लाईट आली की पंप आपोआप सुरू, ऊस सकाळपर्यंत पाण्यात. रान क्षारपड झालं तर पंचनाम्याची मागणी करता येते.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, हे सगळं थांबणार कधी? सरळ सांगा: 2070. ग्लासगोच्या परिषदेत 2021 मध्ये भारताने नक्त शून्याची, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेऊ याची, तीच तारीख दिली आहे. तोवर आपण नसू, नातू असेल. त्याच्या भविष्याची काळजी कुणी विचारली, तर त्याच्या नावावर घेतलेल्या प्लॉटचा सातबारा दाखवा. कृष्णेच्या निळ्या पूररेषेत आहे. 2019 च्या पुरानंतर दर उतरला होता, तेव्हा घेऊन टाकला.