जिन्याची तिसरी पायरी

डिसेंबरात न्यू जर्सी आणि थायलंडमध्ये बरोबर 12 तासांचा फरक असतो. त्यामुळे एडिसनहून बँकॉकला पोचल्यावर मनगटावरच्या काट्यांच्या घड्याळाला हात लावावा लागला नाही. दिवसाची रात्र झाली एवढंच.

बाबांना आता पंधरा-सोळा तासांचं विमान झेपत नाही. म्हणून यंदा ठरवलं, त्यांनी पुण्याहून यायचं, मी लेकीला घेऊन जर्सीहून यायचं आणि मधे बँकॉकला भेटायचं. मुंबईहून ते चार तासांत पोचले. आम्हाला नेवार्क ते टोकियो चौदा तास, मग विमानतळावर ताटकळणं, मग पुन्हा सात तास. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरले तेव्हा सुजलेले पाय बुटात मावत नव्हते. आई-बाबा मात्र ताजेतवाने. बँकॉक भारताच्या दीडच तास पुढे आहे, त्यांचं काही बिघडलंच नव्हतं.

पहिल्या रात्री दोन वाजता टक्क जाग आली. तिकडे दुपारचे दोन, त्यामुळे डोकं लख्ख आणि पोटात कावळे. लेकही उठून बसलेली. भाड्याचं छोटं घर होतं, पलीकडच्या खोलीत आई-बाबा झोपलेले. दिवा लावला तर त्यांच्या दाराखालून उजेड जाईल, म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात अंधारातच बसलो. बिस्किटांचा पुडा वाजू नये म्हणून बाथरूममध्ये नेऊन फोडला.

त्याच सकाळी अयुथ्याची सहल होती. बुकिंग मीच केलं होतं, दोन आठवड्यांच्या रजेतला एकही दिवस वाया जाऊ नये म्हणून. 1350 साली वसलेली आणि 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही राजधानी बँकॉकपासून साधारण 80 किलोमीटरवर आहे. तिथल्या वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. ते बघायचं कित्येक वर्षं मनात होतं. फोटोत मी त्याच्यासमोर खाली बसलेली दिसते. मला त्यातलं काहीही आठवत नाही. दुपारी चारला परतीच्या गाडीत जी कोसळले ती बाबांनी हलवून उठवेपर्यंत.

असं का होतं हे नंतर नीट समजून घेतलं. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते, आणि ते लावलं जातं डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाने. पेशींमधली ही घड्याळं कशी चालतात हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. यकृताची, आतड्यांची घड्याळं वेगळी, आणि ती आपापल्या गतीने सरकतात. ढोबळ हिशेब असा की एका तासाच्या फरकाला एक दिवस. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात खाली जातं, तेव्हा झोप आवरत नाही. माझी ती पहाट बँकॉकच्या दुपारी चारला येत होती. इच्छाशक्तीचा, उत्साहाचा इथे संबंध नाही.

तिसऱ्या रात्री साडेतीनला आई उठून आली. मला अंधारात बसलेली पाहिलं आणि तिने सरळ दिवा लावला.

"भूक लागली असेल ना? मग उठवायचं की मला."

"तुमची झोपमोड कशाला, आई."

ती भात गरम करत होती. पाठ माझ्याकडे होती. म्हणाली, "तुझ्याकडे आलो की आम्हीपण असेच बसायचो गं. तुम्हाला सकाळी ऑफिस. तुझ्या जिन्याची तिसरी पायरी वाजते, ती ओलांडून उतरायचं हे बाबांनी पहिल्याच रात्री शोधून काढलं होतं. फ्रीज उघडला की केवढा उजेड पडतो, म्हणून मी विमानातले शेंगदाणे ठेवून द्यायचे."

माझे आई-बाबा माझ्याच घरात रात्री शेंगदाणे खाऊन बसत होते. आणि मी? पहिल्या खेपेला ते आल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांना नायगाऱ्याला नेलं होतं, गाडीने सात तास. आई सगळा रस्ता झोपली म्हणून चिडले होते, की एवढं दाखवायला न्यावं तर हिचं लक्ष नाही. ते बोलूनही दाखवलं होतं. तिला आठवत असणार, पण त्या रात्री तिने तो विषय काढला नाही.

उरलेली बुकिंगं मी रद्द केली. काहींचे पैसे बुडाले, बुडू देत. पाच वाजता लेकीला आणि आईला घेऊन पाक ख्लोंगच्या फुलबाजारात गेले. हा बाजार रात्रंदिवस चालतो. पिशव्या भरभरून झेंडू, मोगऱ्याच्या कळ्या, कमळांच्या जुड्या. हाराला तिथे 'फुआंग मालाय' म्हणतात, हे सांगितल्यावर आईने 'मालाय, माला' असं दोनदा म्हणून पाहिलं. एक बाई कमळाच्या कळीच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडत होती. आई तिच्याशेजारी पालथ्या क्रेटवर बसली आणि भाषेवाचून ते शिकली. उजाडल्यावर अनवाणी भिक्खू भिक्षेला निघाले. त्या फेरीचं थाई नाव 'बिन्थबात', म्हणजे आपला पालीतला पिंडपातच. पुढचे दोन दिवस पहाटे लुंबिनी उद्यानात गेलो, तळ्याकाठच्या भल्यामोठ्या घोरपडी पाहिल्या. आठ वाजता राष्ट्रगीत लागलं तेव्हा पळणारी माणसंही जागच्या जागी थांबली, आम्हीही थांबलो. दुपारी झोप आली की थोडं झोपायचं, पण गजर लावून. ह्या प्रवासातलं मला जे काही लख्ख आठवतं, ते ह्या सकाळींमधलं आहे.

परदेशात राहणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, एप्रिल-मेमध्ये तुमच्यापैकी अनेकांकडे आई-बाबा येतील. कळकळीने सांगते, पहिला आठवडा काहीही ठरवू नका. शनिवारी लोकांना जेवायला बोलावू नका, 'दुपारी झोपू नका हं' असं सारखं टोकू नका. स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर चालू ठेवा. ओट्यावर झाकून काहीतरी खायला ठेवा आणि ते तुमच्यासाठी आहे असं तोंडाने सांगा, कारण सांगितल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या नव्या वेळेला कशा घ्यायच्या, हे निघण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. सकाळी उन्हात चक्कर मारायला न्या. आणि एखाद्या रात्री तुम्हीही उठून त्यांच्यासोबत बसा.

मे महिन्यात आई महिनाभरासाठी एकटी येणार आहे. बाबा दादाकडे राहतील. तिसरी पायरी दुरुस्त करायला सुताराला बोलावलं होतं, त्याला नको म्हणून कळवलं. आईला सांगितलंय, ह्या वेळी ओलांडायची नाही, तिच्यावर पाय देऊनच उतरायचं. वाजली की मी खाली येईन.