चाळीस लिटर समुद्र

परवा आमच्या लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली. 'काही सभासदांनी सदनिकेत पाणी साचवून ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. सदर पाण्यात डासांची पैदास झाल्यास रु. ५०० दंड आकारण्यात येईल.' काही सभासद म्हणजे मी, हे वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. तरी कुणाला शंका राहू नये म्हणून एका सज्जनाने खाली बॉलपेनने 'मासेवाले' असं लिहून ठेवलंय. दंडाचं मला काही वाटत नाही. पण घरात एकही मासा नसताना मासेवाले म्हणवून घ्यायचं, याला काय अर्थ आहे?

झालं एवढंच की मला खाऱ्या पाण्याचं छोटंसं मत्स्यालय करायचं होतं. प्रवाळ वगैरे असलेलं. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच काचेची पेटी, पाणी ४० लिटर. कुर्ल्याला टाकी घेतली तिथला पोरगा म्हणाला, "साब, छोटा टँक, छोटा टेन्शन." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला पुढच्या जन्मी ४० लिटरचीच टाकी मिळो. ४०० लिटरमध्ये चिमूटभर खाणं जास्त पडलं तर पाण्याला पत्ताही लागत नाही. ४० लिटरमध्ये तेवढ्याने अमोनिया चढतो. दुपारी खिडकीतून ऊन आलं की तापमान वर, दोन दिवस लक्ष दिलं नाही की खारटपणा वर. टाकी जेवढी लहान तेवढं पाणी तापट. पण हे नवशिक्याला दुकानात कुणी सांगत नाही, कारण नवशिक्याला परवडते ती लहान टाकी, आणि ती बिघडली की वैतागून तो मोठी घ्यायला येतो. धंदा असा चालतो.

पाण्याचं प्रकरण तर विचारूच नका. लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे ४० लिटरला १ किलो ४०० ग्रॅम. हे वाण्याकडचं मीठ नव्हे. यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचा समुद्र भुकटी करून घातलेला असतो, आणि त्याच्या बादलीचा भाव ऐकून मला दोनदा विचारावं लागलं. ते विरघळवायचं पाणी मात्र अगदी कोरं पाहिजे, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. आमच्या स्वयंपाकघरातला आरओ पाणी शुद्ध करतो आणि चवीसाठी थोडे क्षार परत त्यात सोडतो, म्हणजे तो बाद. मग वेगळा फिल्टर. बायको एवढंच म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन पाण्यातलं मीठ काढायचं, आणि मग पैसे देऊन पाण्यात मीठ घालायचं?" याला शास्त्रीय उत्तर आहे. तिच्यासमोर ते उभं राहत नाही.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. बाहेर फुटलं ते कोळंबीमुळे.

नव्या टाकीत लगेच मासे सोडत नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू असतात; नायट्राइटही विषारीच, मग त्याचं नायट्रेट करणारे दुसरे जिवाणू. ही सगळी मंडळी खडकावर आणि वाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. पण येऊन ती खाणार काय? म्हणून त्यांच्यासाठी रिकाम्या टाकीत एक कच्ची कोळंबी टाकून कुजू द्यायची. सगळीकडचे हौशी लोक हे करतात. फक्त सगळीकडच्या हौशी लोकांच्या वरच्या मजल्यावर आमच्या वरच्या मजल्यावरची मंडळी राहत नाहीत. झाकण लावलेल्या टाकीतल्या एका कोळंबीचा वास दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडून जाऊ शकत नाही. पण मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत कसलाही वास आला की तो आमच्याच घरातून आला, हे आम्ही राहायला आलो तेव्हापासून गृहीत आहे. एकदा ड्रेनेज तुंबलं होतं तेव्हाही आधी आमची बेल वाजली होती. असो.

तर रविवारी सकाळी सेक्रेटरी काका आले. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तांब्याचा तांब्या. पावसाळ्यात काका डासविरोधी मोहीम चालवतात. गेल्या वर्षी त्यांनी घरोघरी फ्रिजमागचे ट्रे स्वतः ओढून पाहिले होते. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा हे मला मान्य आहे, पण तो उद्योग माझ्या फ्रिजमागे का असावा?

चपला काढून ते सरळ टाकीशी गेले आणि टॉर्च मारला. आत पांढरी वाळू, तीन खडक, आणि कोपऱ्यात ती.

"मासे कुठायत?"

"अजून आणायचेत, काका."

"मग ही?"

"ती कोळंबी."

"मेलीय."

"हो, मेलेलीच आणली होती. बाजारातून."

काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "एवढी टाकी, एवढी लाइट, हा पंखा पाण्यात फिरतोय, आणि आत एक कोळंबी? तीही मेलेली?"

"कुजायला ठेवलीय."

यापुढे मी जे काही बोललो ते त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही. अमोनिया, नायट्राइट, जिवाणू हे सगळं मी मन लावून सांगितलं. ते मान डोलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे साचलेलं पाणीच ना?"

मी म्हटलं, "साचलेलं कसं? तो वेव्हमेकर चोवीस तास पाणी हलवतो. डासाच्या अळीला श्वास घ्यायला पाण्याच्या वरच्या थरापाशी यावं लागतं, हलत्या पाण्यात तिचा निभाव लागत नाही."

"लाइट गेली तर?"

"तर मीच बॅटरीचा पंप लावतो."

"तुम्ही गावाला गेलात तर?"

काकांचं हे असं असतं. तुम्ही घरात असताना ते तुम्हाला गावाला पाठवतात, लाइट असताना घालवतात, आणि त्या अंधाऱ्या रिकाम्या घरात डासाला अंडी घालायला लावतात. उपायही त्यांच्याकडे तयार होता. "त्यापेक्षा गप्पी मासे सोडा ना. फुकट मिळतात. मी आणून देतो." हे खारं पाणी आहे असं मी म्हणणार होतो, पण गप्पी हळूहळू सवय लावली तर खाऱ्या पाण्यातही मजेत जगतात, हे मला दुर्दैवाने माहीत आहे. म्हणून बोललो नाही.

मग त्यांनी मोर्चा पाण्याकडे वळवला. "खारं पाणी हवं तर दादरची चौपाटी आहे की! पिंपभर आणायचं. एवढा खर्च कशाला?"

"काका, त्या पाण्यात काय काय सोडलेलं असतं तुम्हाला माहितीय. प्रवाळ मरतील."

"का? वरळीला, हाजीअलीला प्रवाळ नाहीत? कोस्टल रोडच्या वेळी काढून दुसरीकडे नेऊन लावले ना? पेपरात होतं."

होतं खरं. २०२० साली. "तिथले त्याच पाण्यात जगतात," काका म्हणाले, "मग तुमचेच एवढे लाडावलेले का?"

मला अजूनही याचं चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

तेवढ्यात माझी पाणी भरायची वेळ झाली. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं. मी जग ओतताना पाहून काका ओरडलेच. "अहो, गोडं पाणी काय घालताय समुद्रात?" मी त्यांना खिडकीशी नेलं. आमच्या खिडकीतून हायवेपलीकडची मिठागरं पुसटशी दिसतात. म्हटलं, ते बघा, उन्हाने पाणी जातं, मीठ उरतं, तेच इथे होतंय. उदाहरण उत्तम होतं. पण काकांनी मिठागरं पाहिली आणि तिथे आता इमारती येणार म्हणतात, मग पावसाचं पाणी जाणार कुठे, आपल्या बेसमेंटमध्येच ना, यावर पाव तास बोलले. खरं सांगायचं तर त्या दिवशी दोघांचं एकमत झालेला तेवढाच एक मुद्दा.

आणि मग बोलता बोलता त्यांनी तो तांब्या टाकीत घातला. म्हणजे घालतच होते. मी मनगट धरलं.

"नमुना घेतोय," काका म्हणाले.

"काका, तांबं नको! गोगलगायी, शंखातले खेकडे, कोळंब्या, सगळ्यांना तांबं म्हणजे विष. खडकात आणि वाळूत मुरून बसतं, नंतर सुटत राहतं."

"तांब्याचं पाणी तब्येतीला उत्तम असतं. मी रोज सकाळी पितो."

"तुम्ही पृष्ठवंशी आहात."

हे ऐकून काका दुखावले. शिवी दिली असं त्यांना वाटलं असावं. क्षणभर त्यांनी मनगट सोडवलं नाही, मीही सोडलं नाही. मग ते शांतपणे म्हणाले, "पण कोळंबी तर मेलेलीच आहे."

बायकोने चहा आणला म्हणून सुटका झाली. चहा पिताना त्यांनी बोटातली अंगठी पुढे केली. पोवळ्याची, मंगळासाठी. "तुम्ही लावणार ते हेच ना?" मी म्हटलं, दागिन्यातलं लाल पोवळं वेगळं, ते भूमध्य समुद्रातलं प्रसिद्ध, समुद्रात बेटं उभी करतात ते कठीण सांगाड्याचे प्रवाळ वेगळे. आणि ते आपल्याकडे घरात ठेवता येत नाहीत. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्रघोडेसुद्धा. दुकानात कुणी फांद्याफांद्यांचं सुंदर प्रवाळ दाखवून "ले लो साब, सब लेते हैं" म्हणालं तर सरळ पायऱ्या उतरायच्या. म्हणून माझे खडक सिरॅमिकचे आहेत, आणि पुढे लावलेच तर मऊ प्रवाळ लावीन. हे सगळं सांगताना मला वाटलं, काकांना कायदा आवडतो, आता तरी आपल्याबद्दल थोडा आदर वाटेल. त्यांनी फक्त 'वाघ' एवढं उचललं. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगीत बातमी होती की आमच्या घरी वाघाच्या कलमाखालची काहीतरी भानगड आहे. दोन दिवसांनी नोटीस.

मी लेखी उत्तर लिहिलंय. त्यात टाकीची मापं, खारटपणा, आणि अमोनिया शून्यावर आल्याची नोंद आहे. नायट्राइट अजून उतरायचंय. मासेही मी ऐरोलीहून, पुलापलीकडच्या पैदास केंद्रातले मिळतात का बघणार आहे, समुद्रातून पकडलेले नाही, हेही लिहिलंय. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश. पाळीव प्राण्यांच्या फॉर्मवर 'नर / मादी' असा रकाना आहे, तिथे अडलो. हे मासे नर म्हणूनच मोठे होतात, मग जोडीतला दांडगा असेल तो मादी होतो, आणि ती मेली की उरलेला नर मादी होतो. मी 'परिस्थितीनुसार' असं लिहिलं.

हे उत्तर द्यायला काल खाली उतरलो, तर काका स्वतःच वर येत होते. चेहरा एकदम गोड. नोटिशीचा विषयही नाही.

"अहो, तुमच्याकडे एक काम होतं. तुमची ती टाकी. पाणी अगदी समुद्राचंच आहे म्हणालात ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "म्हणजे तसंच बनवलेलं."

"आमचा गणपती दीड दिवसाचा असतो. यंदा शाडूचा आणतोय, नऊ इंचाचा. या गुडघ्यांनी खाडीपर्यंत जाववत नाही, बादलीत विसर्जन मनाला पटत नाही. म्हटलं, समुद्र आपल्याच बिल्डिंगीत आहे तर..."

मी शाडूची माती, गढूळ पाणी, सिलिकेट, रंग, फॉस्फेट असं काय काय बोलायला लागलो. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"निर्माल्य नाही टाकणार हो. आणि मासे यायच्या आत उरकून घेऊ."